मातीतला कर्ब धुराच्या बदल्यात नको

गेली दोन वर्षे आमच्या भागात शेतीची कोणतीही बैठक ‘कार्बन क्रेडिट’ या शब्दांशिवाय उठत नाही. हमीभावाच्या खाली सोयाबीन विकून आलेल्या माणसाला कोणी तरी सांगतो, की तुझ्या रानात पिकाहून मोलाची वस्तू पडून आहे. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्या-शेणातून मातीत आलेला कार्बन, वाढव, आम्ही तो मोजू आणि परदेशातली कंपनी आपल्या धुराची भरपाई म्हणून तो विकत घेईल; कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात एका टनाची पावती म्हणजे एक क्रेडिट. देवळाच्या सभामंडपात बसलेल्यांचे तिथल्या तिथे दोन तट पडतात. एका तटाला वाटते, मातीत घातलेले कष्ट वसूल व्हायची वेळ आली. दुसऱ्याला इमूपालनात बुडालेले पैसे आठवतात आणि तो हात झटकून उठतो. शहरातल्या चर्चासत्रांत हेच दोन तट जरा घोटीव भाषेत भेटतात. एक म्हणतो, मातीच जगाला तापण्यापासून वाचवील. दुसरा म्हणतो, आपल्यासारख्या उष्ण मुलखात मातीत कर्ब टिकतच नाही, तेव्हा हा विषयच सोडा. दोघेही आपापल्या जागी अर्धे बरोबर आहेत. पण दोघेही बाजाराबद्दल बोलतात, मातीबद्दल फार कमी, म्हणून हा वाद मला नासलेला वाटतो.

माझे म्हणणे आधीच सांगतो. आपल्या मातीतला सेंद्रिय कर्ब वाढलाच पाहिजे, आणि त्यासाठी शेतकऱ्याला सार्वजनिक पैसा मिळालाच पाहिजे. मात्र तो कर्ब टनांवर मोजून कुठल्या तरी चिमणीच्या धुराची भरपाई म्हणून विकणे हा चुकीचा सौदा आहे: शेतकऱ्यासाठी चुकीचा आणि हवामानासाठीही चुकीचा. शिवाय मातीतून निघणाऱ्या वायूंच्या ज्या हिशेबात युरियातून सुटणारा नायट्रस ऑक्साइड हा हवा तापवणारा वायू धरलेला नसतो, तो हिशेब खोटा असतो.

विषय लहान नाही. जगभरच्या मातीच्या वरच्या एक मीटरच्या थरात साधारण १५०० अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे. हवेतला सगळा कर्ब आणि झाडाझुडपांतला सगळा कर्ब एकत्र केला तरी तो याहून कमी भरतो. म्हणूनच २०१५ साली पॅरिसच्या हवामान परिषदेत फ्रान्सने ‘हजारी चार’चा उपक्रम मांडला. मातीतला कर्ब दरवर्षी हजारी चार या दराने वाढला, तर माणसाने हवेत सोडलेल्या कर्बाचा मोठा वाटा माती गिळू शकेल, असा तो हिशेब. त्याच वर्षी आपल्याकडे मृदा आरोग्य पत्रिका आली आणि सेंद्रिय कर्बाचा आकडा शेतकऱ्याच्या हातात पडला. मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या रानांच्या पत्रिकांवर हा आकडा वारंवार अर्ध्या टक्क्याच्याही खाली असतो. रंग काळा म्हणजे कर्ब भरपूर, हा समज अनेकांच्या मनात अजून आहे. तो रंग मुख्यतः चिकणमातीचा आणि तिला घट्ट चिकटलेल्या थोड्याशा सेंद्रिय द्रव्याचा असतो. उलट तांबड्या दिसणाऱ्या कोकणातल्या जांभ्या मातीत, पाऊस आणि झाडोरा यांमुळे, अनेकदा काळ्या रानाच्या दुप्पट कर्ब सापडतो. काळ्या मातीत चुनखडीच्या रूपात कर्ब असतो हे खरे, पण तो पिकाच्या उपयोगाचा नाही. कोरड्या हवामानात चुनखडी वाढत जाणे हे तर जमीन बिघडत चालल्याचे लक्षण. तेव्हा ‘मातीत इतके टन कर्ब’ असा दावा ऐकला, की कुठला कर्ब, हे आधी विचारावे.

आता दुसऱ्या तटाचा सगळ्यांत जोरकस मुद्दा घेतो: उष्ण कटिबंधात कर्ब टिकत नाही. यात तथ्य आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. तापमान दहा अंशांनी वाढले की मातीतले कुजणे साधारण दुप्पट वेगाने होते. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या प्रयोगक्षेत्रावर १८५२ ते १८७१ अशी वीस वर्षे शेणखत घालून मग बंद केलेला एक तुकडा आहे. इतक्या वर्षांनीही त्या तुकड्यात शेजारच्या बिनखताच्या तुकड्यापेक्षा कर्ब जास्त भरतो. आपल्याकडे तशी शाश्वती कोणी देऊ नये. आपल्या रानात घातलेल्या शेणखताचा बहुतांश भाग दोन-तीन पावसाळ्यांत जिरून जातो. त्यात आपण मे महिन्यात खोल नांगरट करून ढेकळे तापत ठेवतो. मग वळवाची पहिली सर येते. मातीचा जो वास आपण छाती भरून घेतो, त्याच घटकेला सुकून निपचित पडलेले सूक्ष्मजीव जागे होतात आणि उघड्या पडलेल्या कर्बावर तुटून पडतात. कार्बन डायऑक्साइडचा एक लोंढा मातीतून बाहेर पडतो. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या एच. एफ. बर्च या शास्त्रज्ञाने १९५८ साली हे बारकाईने मांडले, आणि आजही तो परिणाम त्याच्याच नावाने ओळखला जातो. कोरडे, मग ओले, मग पुन्हा कोरडे, ही आपल्या मान्सूनची चालच कर्ब जाळणारी आहे.

पण यावरून विषय सोडून द्यायचा का? इथेच संशय घेणारे चुकतात, आणि गंमत अशी की कर्ब विकणारेही नेमके इथेच चुकतात. दोघेही मातीला कणगी समजतात. एकाला वाटते कणगी भरते, दुसऱ्याला वाटते ती फुटकी आहे. मातीतला कर्ब हा साठा आहे हे खरे, पण उपयोगाचा होतो तो खर्च होताना. सूक्ष्मजीव तो खातात तेव्हाच त्यात अडकलेले नत्र, स्फुरद, गंधक सुटे होऊन मुळांना मिळते. तो कुजताना तयार होणाऱ्या चिकट द्रव्यांनीच मातीचे कण एकमेकांना धरतात, रान भुसभुशीत राहते, पाणी मुरते आणि जुलैतल्या वीस दिवसांच्या उघडिपीत पीक तगून राहते. कुजणे थांबले तर हे सगळे थांबेल. म्हणजे शेतकऱ्याला कर्ब सतत यायला आणि सतत जिरायला हवा. खरेदीदाराला मात्र तो न जिरता वर्षानुवर्षे पडून राहायला हवा, कारण त्याच्या कारखान्यातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षे हवेत राहणार आहे. एकाच वस्तूचे हे दोन उपयोग एकमेकांच्या विरुद्ध आहेत. कराराच्या कागदावर ते एकत्र लिहिता येतात, रानात नाही. कर्ब टिकत नाही म्हणणाऱ्यालाही माझे हेच उत्तर आहे: विहिरीत पाणी टिकत नाही म्हणून कोणी झरे बुजवत नाही.

आता बाजाराच्या बाजूने सर्वांत मोठा युक्तिवाद. सरकार पैसा देत नाही, बाजार देतो. मग तो का नाकारायचा? गरीब माणसाच्या हातात चार पैसे पडत असतील तर तत्त्वाच्या गोष्टी सांगणारे आपण कोण? हा युक्तिवाद मला हलका वाटत नाही. म्हणून पैशाचाच हिशेब करू. एका एकराच्या वरच्या पंधरा सेंटीमीटर थरात साधारण ८०० टन माती असते. सेंद्रिय कर्ब ०.४ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर नेला, तर त्या एकरात ८०० किलो कर्ब वाढला. कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत सुमारे २.९ टन. आपल्या हवेत एवढी वाढ पाच वर्षांत झाली तर ती चांगली मेहनत समजावी. म्हणजे एकरी वर्षाला अर्ध्या टनाहून थोडे जास्त. टनाला हजार रुपये धरले तर हाती येतात ५८० रुपये, आणि तेही मोजणी, तपासणी, मधल्या कंपनीचा वाटा आणि जोखमीसाठी मागे ठेवलेला भाग वजा करण्याआधी. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. म्हणजे वर्षभराची सगळी कर्बशेती अकरा किलो सोयाबीनच्या मोलाची. त्याच कर्बामुळे पावसाच्या एका खंडात एकरी एक क्विंटल पीक वाचले, तर शेतकऱ्याच्या पदरात नऊ-दहापट जास्त पडते. मग खरी किंमत कशाची, विकलेल्या कर्बाची की रानात राबलेल्या कर्बाची?

हे केवळ कागदावरचे गणित नाही. पश्चिम केनियात जागतिक बँकेच्या मदतीने उभ्या राहिलेल्या प्रकल्पाला २०१४ साली मातीतल्या कर्बाची क्रेडिट मिळाली. आफ्रिकेतली ही मोठी सुरुवात म्हणून तिचे कौतुक झाले. पहिल्या खेपेचा आकडा होता २४,७८८ टन, आणि तो हजारो लहान शेतकऱ्यांत वाटायचा होता. माणशी किती आले असतील, याचा अंदाज कोणालाही बांधता येईल. त्या शेतकऱ्यांचे पीक सुधारले, मका वाढला, आणि खरा लाभ तोच होता. पण तो झाडे, खत आणि सल्ला यांमुळे झाला. त्यासाठी क्रेडिटचे यंत्रच हवे होते, असे मला वाटत नाही.

भावाचे म्हणाल तर आपल्या इतिहासात याचा धडा आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस थांबला आणि दख्खन-वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. शेतकऱ्याने कर्ज काढून कापूस लावला. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव पडले. दहा वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे बाहेर काढून जाळले. त्या रोख्यांवर काय लिहिले आहे हे अंगठा उठवणाऱ्याला कधी कळलेच नव्हते. १८७९ च्या कायद्याने मग असे दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिले जावेत अशी तरतूद केली. कार्बनचा बाजारही असाच दूरच्या निर्णयांवर नाचतो. क्योटोच्या आंतरराष्ट्रीय हवामान करारातून निघालेल्या क्रेडिटचा दर २००८ मध्ये टनाला वीस युरोंच्या वर गेला होता; २०१२ संपता संपता तो एका युरोच्या खाली आला. युरोपने कोणत्या क्रेडिट घ्यायच्या आणि कोणत्या नाही यावर सारे ठरले. ज्याच्या निर्णयात आपला शब्द चालत नाही, अशा भावावर आपली माती बांधून ठेवायची का?

करार माती बांधून ठेवतो, हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात मातीतल्या कर्बाचा प्रकल्प घेतला की २५ किंवा १०० वर्षे तो कर्ब राखण्याची हमी द्यावी लागते. हजारो एकरांच्या मालकाला ते कदाचित जमेल. महाराष्ट्रात सरासरी धारणा १.३४ हेक्टरची आहे, आणि पुढच्या वाटणीत तीही अर्धी होणार. कसणारा बटाईने कसतो आणि त्याचे नाव सातबाऱ्यावर नसते, कारण नाव लागले तर कुळ लागेल ही मालकाची भीती अजून गेलेली नाही. मग कर्ब कोणाचा, ज्याने शेणखत ओढले त्याचा की ज्याच्या नावावर उतारा आहे त्याचा? आमच्या गावच्या बैठकीत एका बाईंनी विचारले, “दोन वर्षं दुष्काळ पडला, जनावरं विकावी लागली, शेणखत बंद झालं आणि कर्ब उतरला, तर घेतलेले पैसे परत द्यायचे का?” समोरच्या तरुण प्रतिनिधीने प्रामाणिकपणे सांगितले, की मला माहीत नाही. बाई अडाणी नव्हत्या आणि प्रश्न आडमुठा नव्हता. करारातल्या सगळ्यांत महत्त्वाच्या कलमावर त्यांनी बोट ठेवले होते. केंद्रीय कृषी मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजाराची चौकट जाहीर केली आहे. निदान या एका प्रश्नाचे उत्तर मराठीत, छापील, पहिल्या पानावर असल्याशिवाय कोणताही करार वैध मानू नये.

आता त्या वायूकडे येतो ज्याचे नाव या बैठकांत जवळजवळ निघतच नाही. रानात घातलेल्या नत्राचा एक छोटा हिस्सा नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. पाणी साचलेल्या, प्राणवायू संपलेल्या मातीत काही जीवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरून जगतात, आणि त्या उद्योगात हा वायू सुटतो. आपल्या काळ्या मातीत जुलै-ऑगस्टमध्ये रान वाफशावर येत नाही तेव्हा नेमके हेच चालू असते. सरासरीने धरायचे तर नत्राच्या एक टक्का. कोरड्या रानात कमी, ओल्यात जास्त. एक टक्का म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. युरियाची ४५ किलोची एक गोणी घेऊ. तीत सुमारे २१ किलो नत्र असते. त्यातून सुटणारा नायट्रस ऑक्साइड साधारण ९० किलो कार्बन डायऑक्साइडइतका ठरतो. युरिया बनवताना आणि तो मातीत विरघळताना निघणारा कर्ब वेगळाच. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी १६० किलो. त्यातून जवळपास ७०० किलोंचा बोजा. पीक दीड वर्षाचे धरले तरी वर्षाला साडेचारशे किलोंच्या वर. पाचट न जाळता सरीत कुजवून ज्याने मोठ्या निष्ठेने वर्षाला पाचशे-सहाशे किलो मिळवले, त्याच्या कमाईतला बहुतेक भाग इथे गेला. आणि मातीतला कर्ब दहा-वीस वर्षांत एका पातळीवर येऊन थांबतो, नायट्रस ऑक्साइड मात्र दर हंगामाला नव्याने सुटत राहतो.

याचा आणखी एक पदर आहे. मातीत टिकणाऱ्या सेंद्रिय द्रव्यात दर दहा-बारा किलो कर्बामागे एक किलो नत्र अडकलेले असते. वर सांगितलेला ८०० किलो कर्ब साठवायला ६५ ते ८० किलो नत्र लागणार. तीन-चार गोण्या युरियातले. ते कुठून आणायचे? गोणीतून आणले तर एका हाताने साठवायचे आणि दुसऱ्या हाताने उधळायचे. तूर, हरभरा, ताग, बांधावरचे गिरिपुष्प यांच्या मुळांतून आणले तर हिशेब जमतो. आपल्या आज्यांनी ज्वारीत तूर, बाजरीत मटकी अशी मिसळ ठेवली होती. तिच्या जागी सलग सोयाबीन आणि सलग ऊस आला, त्याची किंमत आता दिसते आहे. सोयाबीनही द्विदल आहे असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण हवेतून धरलेल्या नत्राचा मोठा भाग तो दाण्यातून बाजारात नेतो, आणि मागे पाला थोडाच राहतो.

युरियावर बोलले की लगेच एक आक्षेप येतो, आणि तोही ऐकण्याजोगा आहे. देशाच्या एकूण उत्सर्जनात शेतीचा वाटा १४ टक्क्यांच्या आसपास, त्यातही मोठा भाग गुरांच्या मिथेनचा आणि भाताचा. ज्यांनी दोनशे वर्षे कोळसा जाळला त्यांना सोडून दीड हेक्टरवाल्याच्या गोणीकडे बोट का दाखवायचे? मीही ते दाखवणार नाही. कोकणातल्या भातखाचरातून मिथेन निघतो, पण चार महिने आभाळ फाटलेले असताना खाचर आलटून पालटून कोरडे करा असा सल्ला देणाऱ्याने एकदा तिथल्या पावसात उभे राहावे. नत्राची गोष्ट वेगळी आहे. दिलेल्या नत्रातले निम्म्याहून जास्त पिकाला मिळतच नाही. काही हवेत जाते, काही विहिरीच्या पाण्यात उतरते. ती गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, आणि तिची खरी किंमत तिजोरी भरते. म्हणजे वाया जाणाऱ्या नत्रावर आपण सर्वजण पैसा घालतो आहोत. ते वाचवणे शेतकऱ्यावर दंड नव्हे. अट इतकीच, की अनुदानाची वाचलेली रक्कम त्याच्याच रानात वेगळ्या रूपाने परत जावी. आणि सोडला न गेलेला नायट्रस ऑक्साइड कायमचा वाचतो. दुष्काळ पडला म्हणून तो मागच्या तारखेने परत सुटत नाही. हवामानासाठी मातीकडून काही खात्रीचे हवे असेल तर ते हे आहे. मग सगळा बाजार अनिश्चित कर्बाभोवतीच का फिरतो? माझ्या मते कारण साधे आहे. कर्ब वाढला असे दाखवून दुसऱ्याच्या धुराला परवाना मिळतो. युरिया कमी केला तर खत विकणाऱ्याचा खप तेवढा घटतो, आणि त्या घटीचा उत्सव कोणी करत नाही.

जंगलाच्या बाबतीतही हीच चूक होते आहे. उष्ण प्रदेशात जंगल तोडून शेत केले की वरच्या थरातला पाव ते चाळीस टक्के कर्ब काही दशकांत निघून जातो. म्हणून उभे जंगल उभे ठेवणे हा मातीतला कर्ब राखण्याचा सर्वांत पक्का मार्ग आहे. त्यासाठी राखणदारांना मोबदला मिळाला तर माझा विरोध नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला. अशा ग्रामसभांचा त्या मोबदल्यावर पहिला हक्क आहे. पण आपले लक्ष राखण्याकडे कमी आणि लावण्याकडे जास्त. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेला केंद्र सरकारचा हरित क्रेडिट कार्यक्रम खुरट्या आणि पडीक म्हटल्या जाणाऱ्या जमिनींवर झाडे लावण्याला क्रेडिट देतो. सोलापूर, पुणे, नगरचे माळ कागदावर पडीकच दिसतात. त्या माळांचा कर्ब गवताच्या मुळांत, जमिनीखाली असतो. वणवा वरून गेला तरी तो बराचसा वाचतो. तिथे चर खणून गिरिपुष्पाच्या रांगा लावल्या, की शतकानुशतके न हललेली माती उघडी पडते. लांडग्याचा, माळढोकाचा आणि धनगराच्या मेंढरांचा माळ जातो, आणि वर उभा राहतो तो दुष्काळात वाळणारा पाला. बांधावर वरदान ठरणारे तेच झाड माळावर उपद्रव ठरते.

शेत आणि जंगल यांचा हिशेब वेगवेगळा ठेवल्याने आपण आधीही फसलो आहोत. ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत भाताच्या रोपांसाठी झाडांच्या फांद्या तोडून राब भाजत. इंग्रजांच्या वनखात्याला त्यात फक्त ओरबाडलेले झाड दिसले, कुणब्याला फक्त रोपांचे वाफे. १८८५ साली मुंबई इलाख्याला त्यासाठी वन आयोग नेमावा लागला. पुढे १८८९ मध्ये विलायतेहून आलेले रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर देशभर हिंडले आणि त्यांनी नेमके सांगितले, की इथला शेतकरी शेण जाळतो तो अज्ञानाने नव्हे, सरपण नाही म्हणून. गावाजवळ सरपणाची आणि चाऱ्याची राने द्या, शेण आपोआप शेतात जाईल. याच्याही आधी, १८८३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी सुचवले होते, की डोंगरावरचा पालापाचोळा, मेलेले किडे-जनावरे यांचे कुजलेले सत्त्व पावसाच्या लोंढ्याबरोबर ओढ्यात वाहून जाऊ देऊ नये. लष्करातल्या आणि पोलिसांतल्या रिकाम्या शिपायांकडून जागोजाग ताली-बंधारे बांधून घ्यावेत आणि ते सत्त्व शेतात मुरवावे. कर्ब हा शब्द त्यांनी वापरला नाही, पण रान, माती आणि पाणी यांचा हिशेब एकत्र मांडला. आणि खर्च कोणी करायचा, हेही स्पष्ट सांगितले: सरकारने.

मला तोच मार्ग पटतो. टनाला पैसे न देता कामाला पैसे द्यावेत. ज्याने पाचट जाळले नाही, कापसाच्या पऱ्हाटीची कुट्टी करून रानात मिसळली, उसाच्या दोन ओळींत ताग गाडला, बांधावर झाडे जगवली, नांगरट बंद करून गादीवाफ्यावर भात घेतला, त्याला एकरी ठरावीक रक्कम मिळावी. नेरळच्या सगुणा बागेतून चंद्रशेखर भडसावळ्यांनी बिननांगरटीची भातशेती वाढवली, ती कोणत्याही क्रेडिटची वाट न पाहता. मजुरी वाचली, चिखलणी टळली, म्हणून लोकांनी ती उचलली. इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची पद्धत बसवली, तेव्हा कडक पऱ्हाटी रस्त्यावर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत. आज त्या जागी गावोगाव एक कुट्टीयंत्र लागेल, आणि त्याचे भाडे रोजगार हमीच्या कामासारखे सार्वजनिक खर्चातून निघू शकते. १९७२ च्या दुष्काळात या राज्याने लोकांच्या हाताला काम देऊन हजारो कामे उभी केली. सामूहिक कंपोस्ट खड्डे आणि सरपणाची राने त्या यादीत का नसावीत? ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तळ्यातला गाळ रानात जातोच आहे. त्या गाळात आपल्याच डोंगरांचा वाहून गेलेला कर्ब आहे. तुरीची आणि हरभऱ्याची हमीभावाने खात्रीची खरेदी झाली, तर फेरपालट सांगायला माणूस पाठवावा लागणार नाही.

मोजणीला माझा विरोध नाही. क्रेडिटवाल्यांचा एक आग्रह मी त्यांच्याकडून घेतो: जे मोजले जात नाही त्याकडे कोणी लक्ष देत नाही. पण प्रत्येक वावरात नमुना काढून त्यावर पावती फाडण्याची गरज नाही. मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आपल्याच नागपुरात आहे, चार कृषी विद्यापीठे आहेत, अकोल्यासारख्या ठिकाणी दीर्घकाळचे खत-प्रयोग चालू आहेत. तालुक्याला दहा-बारा कायमच्या जागा ठरवाव्यात. ऊस, कापूस-तूर, भात, माळ, राखलेले रान अशा सगळ्या प्रकारच्या. तिथे दर पाच वर्षांनी त्याच खुणेवर, एक मीटर खोलीपर्यंत कर्ब मोजावा, आणि पावसाळ्यात त्याच जागी नायट्रस ऑक्साइड आणि मिथेनही मोजावा, म्हणजे एक वायू दाखवून दुसरा झाकता येणार नाही. आणि ते आकडे एखाद्या कंपनीच्या मालकीच्या संगणकात न ठेवता त्या त्या गावच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर, सातबाऱ्याइतक्याच उघडपणे लावावेत.